मिताहाराचे वैरी

स्थूलपणा घालविण्यासाठी वही ठेवून, माप धरून आणि वेळ ठरवून जेवणाऱ्या व व्यायाम करणाऱ्या मनुष्याची थट्टा करणे ही आपल्या सुशिक्षित घरांतील सध्याची एक सभ्य करमणूक होऊन बसली आहे. चाळिशी ओलांडलेला एखादा कारकून किंवा शिक्षक पंगतीत दुसरी पोळी नको म्हणाला की भोवतालचे चारजण एकाएकी तज्ज्ञ होतात. कोणी त्यास साहेबी खूळ म्हणतो, कोणी मनाची दुर्बलता म्हणतो; कोणाला आपली आजी आठवते, जी म्हणे तुपात न्हाऊन नव्वद वर्षे जगली. आणि उरलेला एकजण काही न बोलता त्याच्या पानात जिलबी टाकून वादाचा निकालच लावतो.

मी या लेखात वही ठेवणाऱ्या त्या मनुष्याची बाजू घेणार आहे. त्याच्या काही लीला हास्यास्पद असतात हे मला ठाऊक आहे. बदामाच्या दाण्यांची मोजदाद करणारे, भाजीवालीपाशी दुधी भोपळ्यातील उष्मांकांची चौकशी करणारे आणि चार किलो उतरताच साऱ्या जगाला उपदेश करीत सुटणारे सद्गृहस्थ आमच्या सोलापुरातही आहेत. सकाळी होम मैदानाकडे फिरावयास जाणाऱ्यास त्यांची गाठ टळत नाही. परंतु एखाद्याची ऐट हसण्याजोगी आहे एवढ्यावरून त्याचा हिशेब चुकीचा ठरत नाही. दुधाचा, धोब्याचा आणि वाण्याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या पै-पैशाने लिहीत आलेल्या वर्गाने पोटात जाणाऱ्या वस्तूंचा हिशेब मात्र लिहू नये, लिहिल्यास तो हलकेपणा समजावा, हा न्याय मला उमगत नाही.

प्रथम आजीचा दाखला घेऊ. या दाखल्यातील आजी नेहमी एकटीच असते. ती नव्वद वर्षे जगली म्हणून आठवते. बाळंतपणात, विषमज्वरात, प्लेगात किंवा नुसत्या अशक्तपणाने पस्तिशीच्या आत गेलेल्या तिच्या जावानणंदांना साक्षीसाठी कोणी बोलावीत नाही. शिवाय ती तूप खात होती असे सांगताना ती पहाटे जात्यावर बसत होती, आडाचे पाणी शेंदीत होती, उखळात कांडीत होती आणि सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले खात होती, हा भाग सोयिस्करपणे गाळला जातो. सोलापूर जिल्हा मूळचाच अवर्षणाचा. १९७२च्या दुष्काळात येथील खेडुतांनी भर उन्हात खडी फोडून मिळालेल्या मजुरीवर परदेशातून आलेली मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्यांचे नातू आज पाचशे पावलांवरच्या दुकानात दूध आणावयास मोटारसायकलवरून जातात. मागच्या पिढ्यांना आहाराची आखणी करावी लागली नाही, कारण ती त्यांच्यासाठी दारिद्र्याने, ऋतूने आणि जात्याने करून ठेवलेली होती. जाते गेले, आड बुजला, बारमाही गोडधोड दारात येऊ लागले. तेव्हा ती आखणी आता मनुष्याने स्वतः करावयाची, एवढाच काय तो फरक पडला आहे.

हे साहेबी खूळ आहे असे म्हणणाऱ्या अभिमानी मंडळींनी चरकसंहितेचे सूत्रस्थान उघडून त्यातील एकविसावा अध्याय पाहावा. अतिस्थूल मनुष्याची गणना तेथे आठ निंदित पुरुषांत केलेली आहे. फार जेवणे, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप आणि निश्चिंतपणा अशी त्याची कारणे दिली आहेत. आणि उपाय म्हणून पोट भरेल परंतु पोषण बेताचे होईल असे अन्न (जव, मूग, कुळीथ यांसारखे) आणि क्रमाक्रमाने वाढवीत न्यावयाचा व्यायाम सांगितला आहे. आजच्या व्यायामशाळेतील शिक्षक याहून निराळे काय सांगतो? रोग्यास निंदित म्हणण्याची त्या काळची खोड मात्र आपण इमानेइतबारे जतन केली आणि कुळीथ तेवढे टाकून दिले.

साहेबाच्या देशात ही गोष्ट लोकांच्या तोंडी झाली ती १८६३ साली. लंडनमधील विल्यम बँटिंग हा प्रेतयात्रांची व्यवस्था लावणारा व्यापारी इतका फुगला होता की त्याला वाकून बुटाचे बंद बांधता येत नसत. त्याने आधी होडी वल्हवून पाहिली. अंगात जोम आला, पण भूक अशी खवळली की वजन जागचे हलेना. शेवटी डॉक्टरांनी पाव, साखर, बटाटे आणि बीअर यांवर बंदी घातली, तेव्हा सुमारे वीस किलो उतरले आणि त्याने आपला अनुभव पुस्तिकारूपाने छापला. हा होडीचा प्रसंग आमच्या अनेक मित्रांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाऊण तास झपझप चालून आल्यावर ‘आता काय, जिरवून आलो’ असे म्हणून जे वडापावाच्या गाडीपाशी थांबतात, त्यांच्याविषयी मी बोलतो आहे. सत्तर किलोचा मनुष्य साडेचार किलोमीटर चालला तर त्याचे फार तर दोन-सव्वादोनशे उष्मांक खर्च होतात. पसाभर शेंगदाण्यांत तेवढे सहज भरून येतात.

व्यायामाची लिखित आखणी हीही आपल्याला नवी नाही. आमच्या सांगोल्याच्या सीमेला लागून असलेला आटपाडी महाल ज्यांच्या राज्यात होता, त्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तरुणपणी सँडोच्या पद्धतीची साधने वापरून पाहिली, पुढे ती सोडून सूर्यनमस्कार हाती घेतले, संस्थानातील शाळांत ते सुरू केले आणि त्यांच्या पद्धतीचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघाले. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६पासून दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. किती, कोणत्या क्रमाने, कोणत्या वयात, काय खाऊन, हे प्रश्न या मंडळींनी गंभीरपणे मांडले होते. त्यांना कोणी खुळे म्हटले नाही, कारण त्यांच्या व्यायामामागे राष्ट्रकार्याची पताका होती. एखाद्या मध्यमवयीन गृहस्थाने केवळ आपल्या रक्तातील साखरेसाठी बैठका मारल्या की त्या हास्यास्पद! पताका असली तर घाम पवित्र आणि नसली तर तो स्वार्थ, असा हा प्रकार आहे.

आणि सोलापूरकरांनी तरी क्रमवार सरावाची थट्टा करू नये. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. ती उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून गावभर चालणे हे काही भक्तीच्या एका उमाळ्याचे काम नव्हे. यात्रेच्या कितीतरी आधीपासून तरुण मंडळी रात्री सराव करतात. नवख्याच्या हाती पहिल्याच दिवशी पूर्ण भार देत नाहीत. भार हळूहळू वाढवावा, विश्रांती घ्यावी, नियम मोडू नये, हे ज्या गावाला नंदीध्वजाच्या बाबतीत कळते त्याला स्वतःच्या गुडघ्यांच्या आणि कमरेच्या बाबतीत कळू नये, याचे आश्चर्य वाटते.

आता खऱ्या भयाकडे येतो. ‘आम्ही कोठे लठ्ठ आहो?’ असे म्हणणारा जो मोठा वर्ग आपल्यात आहे, त्याच्यासाठी एका महाराष्ट्रीय डॉक्टरांचा दाखला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी एकच, २२.३. पाहणाऱ्यास दोघेही सडपातळ. परंतु यंत्राने मोजल्यावर युडकिनांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा तोच, कपडे त्याच मापाचे, आणि आत मात्र दुपटीहून अधिक अंतर. याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासातून असे दाखविले की आपली मुले जन्मतःच वजनाने कमी असून चरबी मात्र राखून असतात. कमी पडते ते स्नायूंचे मांस. आईच्या पोटातील कुपोषणाची ही नोंद पुढे पन्नाशीत मधुमेहाच्या रूपाने वसूल होते.

एवढ्यासाठी भारतीयांच्या बाबतीत हे गुणोत्तर २३ झाले की जादा वजन आणि २५ झाले की स्थूलता असे धरतात. युरोपीय माणसांना हीच मापे २५ आणि ३० अशी सवलतीने लावलेली आहेत. कमरेचा घेर पुरुषाने ९० सेंटिमीटर आणि स्त्रीने ८० सेंटिमीटर ओलांडला की सावध व्हावे. शिंप्याची टेप कोणत्याही घरात असते. ज्यांना आपण सुदृढ आहो असे वाटते त्यांनी ती एकदा पोटाभोवती, श्वास आत न ओढता, फिरवावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि तेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला. हे सर्व ढेरपोटे नाहीत. त्यांत पुष्कळ तुमच्या-माझ्यासारखे, शर्ट खोचला की बरे दिसणारे आहेत.

यावरून आखणीचे एक अंग आपोआप ठरते. ज्याच्यापाशी मांस मुळातच थोडे, त्याने नुसते उपाशी राहून वजन उतरविले तर चरबीबरोबर तो आपले उरलेसुरले मांसही विकून बसतो. काटा खाली येतो, गृहस्थ आनंदतो, आणि जिना चढताना पूर्वीपेक्षा अधिक धापा टाकतो. म्हणून दंड, बैठका, वजने उचलणे, आणि त्याबरोबर डाळी, मोड आलेली कडधान्ये, दूध-दही, चालत असेल त्याला अंडी, हे हवेच. आमच्या पेठापेठांतून तालमी होत्या. त्यांतील कित्येकींच्या पाट्या अजून आहेत आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी त्या उपयोगी पडतात. आतील हौद्यातील माती मात्र पुष्कळ ठिकाणी कधीच उपसली गेली. तिच्या जागी आलेल्या आरसेवाल्या व्यायामशाळांत माझे विद्यार्थी जातात याचा मला विषाद नाही. विषाद याचा, की वडिलांच्या पगारातून चूर्णांचे मोठाले डबे घेणाऱ्या या मुलांना घरची मुगाची उसळ दरिद्री वाटते.

मधुमेहाच्या या भयातून आपल्याकडे दोन पंथ निघाले आणि २०१८च्या सुमारास त्यांनी महाराष्ट्रातील दिवाणखाने दणाणून सोडले. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा आधार घेऊन सांगितले की दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालावे. ऋजुता दिवेकर यांनी सांगितले की थोडे थोडे, थोड्या थोड्या वेळाने, आपल्या मुलखातले आणि ऋतूचे खावे. तुपाची आणि भाताची भीती धरू नये. दोघांचेही ऐकून अनेकांचे भले झाले असेल यात मला शंका नाही. परंतु आपल्या समाजाला उपचारही संप्रदाय म्हणूनच स्वीकारता येतो. एका घरात थोरला भाऊ दोनवेळवाला, धाकटा दोनतासवाला, आणि दोघे एकमेकांच्या ताटाकडे पूर्वी शैव-वैष्णव पाहत असतील तसे पाहतात! मी स्वतः आमच्या शिक्षककक्षात या विषयावरून दोन विद्वानांचे बोलणे बंद झालेले पाहिले आहे. दोघांचीही कंबर होती तेवढीच राहिली.

या भांडणाचा निर्णय तर्काने होणारा नव्हता. तो प्रयोगाने व्हावयाचा होता आणि तसे प्रयोग झालेले आहेत. अमेरिकेत ६०९ माणसांचे दोन गट करून एकास कमी स्निग्ध आणि दुसऱ्यास कमी पिष्ट असा आहार वर्षभर दिला गेला. २०१८ साली निकाल आला: एका गटाचे वजन सरासरीने ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६ किलो. म्हणण्यासारखा भेद नाही. चीनमध्ये १३९ स्थूल माणसांना उष्मांक सारखेच कमी करून दिले. निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात जेवावे, उरलेल्यांस वेळेचे बंधन नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षातही वर्षाच्या अखेरीस दोन गटांत लक्षात घेण्याजोगे अंतर निघाले नाही. ज्याने नियम पाळला त्याचे उतरले. ज्याला दोनदाच जेवून नियम पाळता येतो त्याने दोनदा जेवावे, चारदा जेवून पाळता येतो त्याने चारदा. मात्र मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळांशी खेळू नये. अशा माणसाची साखर एकदम उतरली तर चर्चेला जागा राहत नाही.

पंथांतील वादापेक्षा आपल्या स्वयंपाकघरातील गणित कितीतरी उपयोगाचे आहे, आणि ते मांडावयास मात्र कोणी तयार नसतो. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. रोज पाचशेंची तूट पाडली तर पहिले काही आठवडे आठवड्यास अर्धा किलोच्या जवळपास उतरते. पुढे शरीर हलके झाले की तेही आपला खर्च आवरते आणि वेग मंदावतो. आता चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल येत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्यास रोजचे चाळीस ग्रॅमहून अधिक, म्हणजे पावणेचारशे उष्मांक, नुसत्या फोडणी-तळणातून येतात. हा आकडा कोणत्याही वैद्याने सांगण्याची गरज नाही. वाण्याची यादी आणि भागाकार एवढ्यावर तो निघतो. आमची शेंगाचटणी जगात थोर आहे हे मला मान्य आहे. परंतु शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात. ती चटणी कडक भाकरीबरोबर चिमटीने खाण्यासाठी जन्मली, वाटीने खाण्यासाठी नव्हे. भाकरीचे म्हणाल तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या नावाने समारंभ झाले, आणि ती आमच्या सुशिक्षित घरांतून हॉटेलातील ‘खास ग्रामीण थाळी’त जाऊन बसली. घरी रोज पोळ्या, हॉटेलात पैसे देऊन भाकरी!

उपवासाविषयी लिहू नये असे वाटते, कारण घरची मंडळी हे मासिक वाचतात, तरी लिहितो. ज्या जातीला एकादशी, सोमवार, चतुर्थी आणि चातुर्मास ठाऊक आहेत तिला मिताहार परका वाटण्याचे कारणच काय? परंतु आपण उपवासाचा अर्थ असा लावला, की जे धान्य रोज बेताने खातो ते सोडून साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप पोटभर खावे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एका बऱ्यापैकी बशीभर खिचडीत साडेपाचशे-सहाशे उष्मांक भरतात, तेवढ्यात दोन भाकरी न झाल्या तरी दीड होते आणि वर आमटी येते. देवाला या व्यवहारात कोणी विचारले होते असे दिसत नाही.

आता मूळ वैऱ्याकडे वळतो. तो म्हणजे आग्रह. आपल्या समाजात प्रेम दाखविण्याची भाषा फार तोकडी आहे. बापाला मुलाची पाठ थोपटता येत नाही, सासूला सुनेस बरे म्हणवत नाही, म्हणून सर्वजण वाढतात. नको म्हणणाऱ्यास ‘आमच्या हातचे गोड लागत नाही का?’ असे विचारले की त्याचा धर्मच संकटात पडतो. विडीला किंवा दारूला नको म्हणणाऱ्याची आपण वाहवा करतो. तिसऱ्या लाडवाला नको म्हणणारा मात्र कृतघ्न ठरतो. मंगल कार्यालयात याचा कळस होतो. आणि गंमत अशी, की ज्या मांडवात पाहुण्याच्या पानात बळेच जिलबी घातली जाते, त्याच मांडवातील नवरीला आधीचे तीन महिने काकडीवर ठेवलेले असते. मुलगी ‘अंगाने जरा भरलेली’ आहे म्हणून नकार आल्यावर तिला उपाशी ठेवणारे, आणि लग्नानंतर वर्षभरात ‘अंग धरले नाही’ म्हणून तिला लोणी खाऊ घालणारे लोक एकच असतात. या मुलीला कोणी विचारीत नाही की बाई, तुझ्या रक्तात लोह किती, तुझी थायरॉइडची तपासणी झाली आहे काय. स्थूलता हा आळसाचा पुरावा मानून तिची लाज काढणारे आणि आग्रहाने वाढणारे यांना मी निराळे समजत नाही. दोघेही दुसऱ्याच्या शरीरावर आपला हक्क सांगतात.

मिताहाराची बाजू घेणाऱ्या पुरुषांपाशीही माझे एक भांडण आहे आणि ते मी दडविणार नाही. आपल्या घरात साहेब आखणी करतात आणि ती पाळते बायको. त्यांचे पहिले जेवण दहाला, मुलांचा डबा सातला, सासऱ्यांचे पथ्याचे बाराला, साहेबांचे दुसरे संध्याकाळी सहाला, आणि पाहुणे आले तर आठला. ही चूल विझते कधी? वहीत साहेबांच्या पावलांची नोंद असते, ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या तासांची नसते. ती स्वतः काय खाते हे तर कोणी पाहतच नाही. मुलाने टाकलेला पोळीचा तुकडा, भांड्याच्या तळाची भाजी, कालचा भात: वाया जाऊ नये म्हणून सर्व तिच्या पोटात. घरातील स्त्रीचे पोट म्हणजे शिळ्या अन्नाची कोठी, अशी व्यवस्था करून ठेवावयाची आणि मग तिचे वजन का वाढते याचे नवल करावयाचे! सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर चालण्याजोगी वेळ म्हणजे पहाटे साडेपाच ते सात. नेमकी तीच डब्यांची वेळ. तिला चालावयास जाता यावे असे ज्याला खरेच वाटते त्याने आठवड्यातून चार दिवस कणीक मळावी आणि भाजी चिरावी. हे ज्यास जमत नाही त्याच्या मिताहाराचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा करावे लागेल.

येथे एक आक्षेप योग्य आहे आणि तो मी मान्य करतो. या सर्व गोष्टी ज्याच्या घरी वाण्याची यादी लांब आहे त्याच्या आहेत. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या पूर्वभागातील बाया, यंत्रमागापुढे बारा-बारा तासांची पाळी उभ्याने काढणारे कामगार यांना वही ठेवा असे सांगणे म्हणजे चेष्टा होईल. रेशनवर मिळतात मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी बहुधा बाजारातून चढ्या भावाने घ्यावी लागते. मधुमेह मात्र दुकान पाहून येत नाही. तो त्या वस्तीतही पोचला आहे. पण गरिबाला आखणी परवडत नाही हे कारण पुढे करून ज्याला परवडते तो आरामखुर्चीत राहणार असेल, तर त्याने गरिबाची दया करण्याचे नाटक तरी करू नये. त्याने रेशनच्या दुकानात ज्वारी नेहमी का मिळत नाही यावर नगरसेवकास एक पत्र लिहावे.

नवी इंजेक्शने आली आहेत, मग हा खटाटोप कशाला, असे आता विचारले जाते. टिर्झेपटाइड २०२५च्या मार्चमध्ये आणि स्थूलतेवरचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षीच्या जूनमध्ये या देशात विक्रीस आले. ज्यांना डॉक्टर देतील त्यांनी ती जरूर घ्यावीत. रोगावर औषध घेणे हा कमीपणा नव्हे. पण ती बंद केली की उतरलेल्या वजनाचा मोठा भाग बहुतेकांत परत येतो, आणि त्यांनी भूक मारली तरी मांस वाढविण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. वजन परत येणे ही तर या विषयातील सर्वांत कडू गोष्ट आहे. अमेरिकेतील वजन उतरविण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदाजणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले. २०१६ साली निष्कर्ष आला की एकजण सोडून सर्वांचे वजन पुन्हा चढले होते, आणि त्यांची शरीरे विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे उष्मांक कमी खर्च करीत होती. तीस आठवड्यांच्या झपाट्याने कमावलेले शरीर अशी वसुली करते. म्हणून ‘नव्वद दिवसांत पंधरा किलो’ अशा ज्या पाट्या आमच्या गावातील चौकाचौकांत लागलेल्या असतात त्यांखालून जाताना खिसा सांभाळावा. ज्या आखणीने दिवाळीत, आजारपणात, परीक्षेच्या दिवसांत आणि मुलीच्या लग्नात काय करावयाचे हे सांगितलेले नाही, ती आखणी नव्हे, जाहिरात होय.

माझे म्हणणे ज्यांस रुचले नसेल त्यांनी या मासिकात अवश्य उत्तर लिहावे. वादाचे मला वावडे नाही. एकच अट आहे. उत्तर लिहिण्यापूर्वी आठ दिवस आपल्या घरातील तेल, साखर, साबुदाणा आणि शेंगदाणे तोलून घ्यावेत, माणशी भागाकार करावा, ते वजन कोणी तोलले आणि स्वयंपाक कोणी केला हेही लिहावे, आणि आजीचा दाखला द्यावयाचाच असेल तर तिच्या जावांची वयेही कळवावीत.